हवालदार निघाला प्रदर्शनाला

१

“तिथे तोंड उघडलंस ना, तर कॉलर धरून बाहेर काढीन,” मावशी म्हणाली.

“मग एखादा मुका न्यायचा होतास!”

“मिळाला असता तर नेला असता. गाडीत बस.”

“ताई कोठडीत आहे, आणि मी गप्प बसू?”

“ताई कोठडीत आहे म्हणूनच गप्प बस, भडक्या! तू एक शिवी घातलीस की ते म्हणणार, बघा, अख्खं घरच तसलं. जामीन राहिला बाजूला.”

भडक्या हे काही माझं खरं नाव नाही, पण घरात तेच चालतं. आदल्याच दिवशी शेजारचा पोरगा मला ‘गद्दाराचा भाऊ’ म्हणाला. त्याचा ओठ फुटला आणि माझी मूठ सुजली. मावशी वकील आहे. तिने त्याच्या आईची माफी मागितली, माझ्या मुठीवर बर्फ ठेवला आणि दोन्ही वेळेला मलाच शिव्या दिल्या.

भानगड अशी होती. ताई सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला. सैनिकांची बुलेटप्रूफ जॅकेटं तिथे तपासतात. जॅकेटच्या पुढच्या खिशात एक जाड, वजनदार प्लेट असते, ताटाएवढी, चिनी मातीसारखी पण पोलादाहून कडक. खरी गोळी अडवते ती प्लेट. ताईचं काम म्हणजे प्लेट शिकंज्यात बसवायची, लांबून गोळ्या झाडायच्या आणि काय होतं ते बघायचं.

नवीन जॅकेट आलं. मंत्र्यांनी ते टीव्हीवर अंगात घालून छाती बडवून दाखवली. ताईने त्याचीच प्लेट तपासली आणि प्लेट काचेच्या ग्लासासारखी तडकली, गोळी आरपार. ताईने ‘नापास’ असं कळवलं. वरून शिक्का बसला, ‘अत्यंत गोपनीय’. ताईला सांगितलं, घरीसुद्धा बोलायचं नाही. ती बोलली नाही. नुसती जेवेनाशी झाली.

पण कुठूनतरी कुणकुण लागलीच. संसदेची एक समिती आहे, तिच्या अध्यक्ष बाई म्हणाल्या, आम्ही येतो, ती प्लेट डोळ्यांनी बघतो. बाई यायच्या होत्या त्याच्या आधीच नमुन्यांच्या खोलीतून प्लेट गायब. शेवटची सही ताईची. पोलिसांनी तिला उचललं. म्हणे देशाचं गुपित शत्रूला विकलं.

“गंमत बघ,” गाडी चालवता चालवता मावशी म्हणाली. “प्लेट नापास झाली हे गुपित. म्हणजे सरकारच्या लेखी नापास प्लेट अशी काही नाहीच. आणि जी नाहीच, ती चोरली म्हणून पोरगी आत!”

“आणि नाहीच सापडली तर?”

तिने गिअर बदलला. मला माहीत होतं. उद्या समिती येणार आणि रिकाम्या हाताने परत जाणार. जॅकेटं ट्रकात भरून सीमेवर जाणार. आणि ताईवर जो कायदा लावलाय, त्यात माणूस आत गेला की केस उभी राहायलाच वर्षं जातात.

आमच्याकडे फक्त ती एक दुपार होती.

२

प्रयोगशाळेच्या गेटवर आमचे फोन काढून घेतले. मावशीच्या पर्समधलं नेलकटरसुद्धा काढून घेतलं. मधल्या हॉलमध्ये एक टेबल, चार खुर्च्या आणि पाण्याचा जग मांडून ठेवला होता.

“मॅडम, इथेच बसा,” गेटवाला म्हणाला. मोठ्या मिशांचा, पण आवाज एकदम मऊ. “आत जायची तुम्हाला परवानगी नाही. तुम्ही भेटायला मागितलेल्या तिघांना एकेक करून इथे पाठवतील.”

“नमुन्यांची खोली तरी दाखवा.”

“ती गोपनीय आहे.”

“दार?”

“दारही गोपनीय.”

“बाथरूम?”

गेटवाल्याने जरा विचार केला. “डावीकडे,” म्हणाला.

मी हसू दाबलं आणि तेवढ्यात मला हवालदार दिसला.

हवालदार म्हणजे पुतळा. कपड्यांच्या दुकानात असतात तसला, फक्त सैनिकाच्या वेशात, हेल्मेट, बूट आणि अंगात तेच नवीन जॅकेट. घरच्या माणसांसाठी एक दिवस ही जागा उघडी ठेवतात, तेव्हा मी आलो होतो. ताईने त्याची ओळख करून दिली होती. “हे आमचे हवालदार. यांना पगार नाही, पेन्शन नाही, कुरकुर नाही.” मग त्याच्या पोटावर टिचकी मारली. “आत नुसतं थर्माकोल आहे. मंत्र्यांच्या भाषणासारखं.”

आज हवालदाराच्या मनगटाला एक पुठ्ठा बांधला होता, ‘प्रदर्शन’.

“कुठे चालले?” मी विचारलं.

“संरक्षण प्रदर्शनाला,” गेटवाला म्हणाला. “कर्नलसाहेबांच्या ऑफिसातून फोन आलाय. संध्याकाळी गाडी येणार न्यायला.”

सफाईवाल्या काकू फरशी पुसत होत्या. पुसत पुसत हवालदारापाशी आल्या आणि त्याला ढकलायला लागल्या. तो हलेना.

“काय रे मेल्या, मुक्काम ठोकलास का इथे?” काकू त्यालाच म्हणाल्या. मग मला, “ए पोरा, हात लाव जरा. आधी एका हाताने सरकायचा. माझीच कंबर गेली आता. आणि हे थर्माकोलचे दाणे! कितीदा झाडू? झाडूला चिकटतात, साडीला चिकटतात, कचऱ्यात काही जात नाहीत.”

मी हात लावला. सरकवत आमच्या टेबलाजवळ आणला. मावशीने डोळे वटारले, म्हणून येऊन खुर्चीत बसलो.

पण मला बसवत नाही. शाळा त्यापायीच सुटली. हाताला काहीतरी लागतं. जॅकेटच्या कमरेला एक रुंद पट्टा होता, बकलातून घेतलेला, आणि त्याचं उरलेलं टोक मागच्या बाजूने नीट आत खोचलेलं. मी ते ओढून बाहेर काढलं आणि बोटाला गुंडाळत बसलो.

“अरे, सरकारी मालाशी खेळू नकोस!” मावशी पुटपुटली.

मी सोडून दिलं. टोक लोंबायला लागलं. तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं.

३

पहिले आले साहेब. प्रयोगशाळेचे प्रमुख. चष्मा आणि घाम दोन्ही सारखंच पुसत होते.

“हे बघा मॅडम, मी स्पष्ट सांगतो. काहीही हरवलेलं नाही.”

“उत्तम!” मावशी म्हणाली. “मग माझी भाची घरी जाऊ शकते.”

“नाही, म्हणजे... जे हरवलं, त्याबद्दल मी बोलू शकत नाही.”

“म्हणजे हरवलंय.”

“मी तसं म्हटलं नाही.”

“साहेब, तुमची अवस्था ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखी झालीय. एवढंच सांगा, खोलीची किल्ली कुणाकुणाकडे?”

“एकच किल्ली. गेटवरच्या पेटीत असते. घेताना सही, ठेवताना सही. त्या संध्याकाळी शेवटची सही तुमच्या भाचीची.”

“आणि तिने किल्ली परत ठेवली?”

“ठेवली.”

“मग नंतर कुणी सही न करता घेतली असेल तर?”

“सहीशिवाय किल्ली मिळत नाही,” साहेब म्हणाले आणि त्यांनी गेटवाल्याकडे पाहिलं. गेटवाला एकदम छताचा पंखा बघायला लागला.

“बाहेर जाताना बॅग तपासता?” मावशीने गेटवाल्यालाच विचारलं.

“सगळ्यांच्या मॅडम. पण ताई रोजच्याच. त्या दिवशी नाही बघितली. माझी चूक. आणि ती वस्तू धातूची नाही, यंत्र वाजत नाही.” त्याचा आवाज अजूनच मऊ झाला. “तेवढ्यावरूनच तर धरलं त्यांना.”

साहेब उठले. जाताना त्यांची बाही त्या लोंबत्या पट्ट्याला घासली. त्यांना कळलंसुद्धा नाही. पण दारापाशी थांबले आणि मागे न बघताच म्हणाले, “मुलगी कामाची होती.”

“आहे!” मी ओरडलो.

मावशीने टेबलाखालून माझा पाय तुडवला. जोरात.

४

दुसरे आले मास्तर. इथले शिंपी. जॅकेटं उसवून प्लेट काढायची, परत शिवायची, हे त्यांचं काम. गळ्यात टेप, शर्टाच्या खिशाला सुया टोचलेल्या.

“तिच्याशी माझं भांडण झालं होतं, आधीच सांगतो,” बसायच्या आधीच म्हणाले. “नंतर कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. ती म्हणाली प्लेट फुटली. वरचे म्हणाले, प्लेट नाही, खिशाची शिवण उसवली आणि प्लेट घसरली. म्हणजे खापर माझ्या डोक्यावर! मी तिच्या अंगावर ओरडलो. तर ती म्हणाली, काका, तुमची शिवण चांगली आहे, मी तसंच लिहिलंय. मग मलाच कसंतरी झालं.”

“प्लेट बाहेर न्यायची असती तर तुम्ही कशी नेली असती?”

“मी?” मास्तर हसले. “बाई, मी साठी गाठली. जेवणाचा डबा नेताना हात दुखतो.”

ते उठले. हवालदारापाशी आपसूक थांबले, जसा सुतार कुणाच्याही घरी दार उघडमीट करून बघतो तसे. पट्ट्याकडे पाहिलं, पण हात लावला नाही. हात गेला खांद्यावर.

“ही शिवण बघा. ताणलीय. माझी शिवण अशी ताणत नाही.” चष्मा कपाळावर चढवून त्यांनी जवळून पाहिलं. “उन्हानं असेल.”

“हॉलमध्ये ऊन कुठून येणार?” मी म्हणालो. या वेळी मावशीने तुडवलं नाही.

“तेही खरंच,” मास्तर म्हणाले आणि गेले.

माझ्या डोक्यात काहीतरी खाजवायला लागलं. डास दिसत नाही, पण आवाज येतो, तसं.

तिसरे आले कर्नल. सैन्याचे इथले अधिकारी. जॅकेट घ्यायचं की नाही यात त्यांचा शब्द मोठा. केस पांढरे, पाठ ताठ. ते येताना गेटवाला खुर्ची सोडून उभा राहिला. मला बघून म्हणाले, “तू धाकटा. तुझी बहीण तुझ्याबद्दल फार बोलायची.”

मला उगाचच बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडले.

“हा कुठून आला?” हवालदाराकडे बघून त्यांनी विचारलं.

“इथेच असतो साहेब,” गेटवाला म्हणाला.

“असं? मी नेहमी मागच्या दाराने येतो. या हॉलमध्ये पाय ठेवून महिने झाले. असा पुतळा आहे हेच विसरलो होतो.”

ते बसले नाहीत. उभे राहूनच बोलत होते, सावकाश, एकेक शब्द मोजून. “तुमची भाची हुशार आहे, वकीलबाई. पण हुशार माणसांना घाई असते. तिला वाटतं, एक प्लेट फुटली म्हणजे सगळ्या फुटल्या. देशाचं संरक्षण असं एका प्लेटवर...”

बोलता बोलता त्यांचा हात खाली गेला. पट्ट्याचं लोंबतं टोक उचललं, बकलामागून घेतलं, दुमडलं, आत खोचलं, अंगठ्याने दाबलं. नजर मावशीवरच होती. वाक्य तुटलं नाही. जसं आपण बोलता बोलता कपाळावरचे केस मागे करतो.

“... ठरत नाही,” ते म्हणाले.

“काय केलंत ते?” मी विचारलं.

“काय?”

“पट्टा.”

त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. “ओह. सवय. लोंबता पट्टा काटेरी तारेत अडकतो. माझा एक जवान तसा अडकला होता, माझ्या डोळ्यांसमोर. तेव्हापासून लोंबताना दिसला की हात जातोच.” हात मागे घेतला. “बिचारा चोवीस वर्षांचाही नव्हता.”

ते गेले. मावशी कागद आवरायला लागली. तिचा चेहरा पडला होता.

“काहीच नाही मिळालं रे,” ती म्हणाली.

पण मला मिळालं होतं.

५

“ताईचा फोटो दे,” मी म्हणालो.

“आत्ता?”

“दे गं!”

जामिनाच्या वेळी न्यायाधीशांना माणसाचा चेहरा दिसावा म्हणून मावशी एक फोटो जवळ ठेवते. त्या उघड्या दिवसाचाच. ताई हवालदाराशेजारी उभी राहून खिदळतेय. आणि हातात काय? पट्ट्याचं लांबच लांब टोक. बैलाचा कासरा धरावा तसं.

मी पळत मास्तरांना गाठलं, ते आतल्या दारापाशी गेटवाल्याशी बोलत होते.

“काका, हवालदाराचा पट्टा तुम्ही लोंबता ठेवला होता की खोचलेला?”

“लोंबता. आमच्या साहेबांचाच हुकूम, पट्टा किती लांब आहे ते पाहुण्यांना दिसायला हवं. का रे?”

मी परत आलो. मावशीला खुर्चीत बसवलं. मी तिला बसवलं, हेही पहिल्यांदाच.

“ऐक. फोटोत पट्टा लोंबतोय. आपण आलो तेव्हा खोचलेला होता. मीच तो काढला, माझ्या हातांनी. तू ओरडलीस, आठवतं? म्हणजे मधल्या काळात कुणीतरी हवालदाराच्या जॅकेटला हात घातला. बकल उघडलं आणि परत लावलं.”

“बरं.”

“साहेबांची बाही घासली, त्यांनी बघितलंही नाही. मास्तरांनी बघितलं, पण हात शिवणीला लावला. पट्टा आपोआप कुणी खोचला?”

“कर्नल. पण अरे, ते कधीही जाता येता खोचतील. हा काही पुरावा नाही.”

“तेच तर! ते म्हणाले, महिने झाले या हॉलमध्ये आलो नाही. पुतळा आहे हेच विसरलो होतो. आणि पुतळ्याला प्रदर्शनाला पाठवा असा फोन कुणाच्या ऑफिसातून आला?”

मावशीने चष्मा काढला. ती चष्मा काढते म्हणजे ऐकते.

“आधी एका हाताने सरकायचा, आता काकूंची कंबर जाते,” मी म्हणालो. “थर्माकोलचे दाणे कुठून येतात त्यांना कळत नाही. खांद्याची शिवण ताणलीय. मावशी, बाहेर सगळ्यांच्या बॅगा तपासतात. पण पुतळ्याची बॅग कोण तपासणार?”

आम्ही दोघांनी एकदमच हवालदाराकडे पाहिलं. तो आपला समोर बघत उभा, मूग गिळून.

“काखेत कळसा,” मावशी हळूच म्हणाली.

तेवढ्यात मागे सरकणारं दार कर्रकन उघडलं. दोन हमाल आत आले. बाहेर ट्रकचं इंजिन चालूच होतं.

“कुठाय तो पुतळा?” त्यांतला एक म्हणाला. “लवकर आटपा, कर्नलसाहेबांनी आत्ताच न्यायला सांगितलंय.”

६

मी विचार केला नाही. तो मला जमत नाही. सरळ जाऊन हवालदाराला मिठी मारली, दोन्ही हातांनी, गच्च.

“ए, येडा आहे का हा?” हमाल म्हणाला.

“सोड त्याला!” गेटवाला धावला. आवाज ऐकून साहेब आले, मास्तर आले, काकू पोछा घेऊन आल्या आणि सगळ्यात शेवटी कर्नल आले. घाई न करता.

“या मुलाला बाहेर काढा,” ते म्हणाले.

गेटवाल्याने माझा दंड धरला. माझी सुजलेली मूठ वर गेली. खरं सांगतो, मारणारच होतो. पण मावशीचा आवाज आला, कोर्टातला, थंडगार.

“साहेब, एक प्रश्न. हा पुतळा गोपनीय आहे का?”

साहेब गोंधळले. “पुतळा? नाही. तो तर सगळ्यांना बघायलाच ठेवलाय.”

“जॅकेट?”

“ते तर मंत्र्यांनी टीव्हीवर घातलंय.”

“त्याच्या प्लेटच्या खिशात काय आहे?”

“थर्माकोल,” मास्तर म्हणाले. “मीच भरलंय.”

“थर्माकोल गोपनीय आहे का?”

काकू फिसकन हसल्या.

“मग मास्तरांनी तो खिसा उघडायला कुणाची हरकत असायचं कारण नाही,” मावशी म्हणाली. “कुणाची असेल, तर का, तेवढं सांगावं.”

साहेबांनी कर्नलांकडे पाहिलं. मग त्या ताणलेल्या शिवणीकडे. मग पुन्हा कर्नलांकडे, आणि या वेळी त्यांचा चेहरा पांढरा पडला. म्हणजे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना फक्त भीती वाटत होती, वरच्यांची, शिक्क्याची, सगळ्याचीच.

“गाडी थांबलीय,” कर्नल म्हणाले. “हा पोरखेळ पुरे. उचला.”

हमाल पुढे झाले आणि माझा भडका उडाला. पण हात नाही उचलला. पट्ट्याचं टोक ओढून काढलं आणि त्यांच्या तोंडासमोर धरलं.

“हे लोंबलं की तुमचा हात जातो! जातो ना? एक पोरगा तारेत अडकला म्हणून! मग आत जे घालून ठेवलंय, ते अंगात घालून किती पोरं जाणारेत? एवढासा पट्टा लोंबलेला तुम्हाला चालत नाही, आणि फुटकी प्लेट चालते?”

बाहेर ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं.

कर्नलांचा हात पुढे आला. मला वाटलं, मारतात. पण बोटं पट्ट्याकडे गेली. सवयीने. मधेच थांबली.

“मास्तर,” ते म्हणाले, “उघडा.”

मास्तरांनी खिसा उसवला. टाके सरळ होते, पण त्यांचे नव्हते. आत ताटाएवढी काळी प्लेट. मधोमध भोक, भोकापासून कडेपर्यंत तडे, आणि प्रत्येक तड्याच्या शेवटी निळ्या खडूची बारीकशी खूण. ताई घरी दुधाच्या पिशवीवरसुद्धा तसलीच खूण करते.

मास्तरांनी ती दोन्ही हातांनी धरली होती. “शिवण धड होती,” एवढंच म्हणाले, आणि डोळे पुसले.

“का हो?” मावशीने विचारलं. कोर्टातला आवाज गेला होता.

कर्नल त्या खुर्चीत बसले, जिथे मघाशी बसले नव्हते. “हा सौदा मोडला तर नवीन जॅकेट यायला दोन हिवाळे जातात. तोवर पोरं नुसत्या स्वेटरवर. मला वरून सांगितलं, काहीच नसण्यापेक्षा हे बरं. मी स्वतःलाही तेच सांगितलं. रोज. प्लेट पाहिली की ते सांगता येत नव्हतं, म्हणून ती समोरून घालवायची होती.” त्यांनी गेटवाल्याकडे पाहिलं. “याने किल्ली दिली. सही मागितली नाही. माझ्याकडे कोण मागतं? मागच्या दारावर मात्र बॅग माझीही बघतात, म्हणून पुतळा.”

गेटवाला खाली मान घालून उभा होता.

“आणि माझी बहीण?” मी म्हणालो.

“ती सुटेल असं वाटलं होतं. पुराव्याअभावी.” ते माझ्याकडे बघेनात. “तेही मी स्वतःला रोज सांगत होतो.”

“ही प्लेट परत त्या खोलीत ठेवावी लागेल,” साहेब चाचरत म्हणाले. “नियम...”

“उद्या सकाळी ती तिथे असेल याची खात्री द्याल?” मावशी म्हणाली.

आमचे फोन गेटवरच्या पेटीत. बाहेर ट्रक. प्लेट समोर, आणि तरी कुणाच्याच हातात काही नाही, असं झालं होतं.

तेव्हा कर्नल उठले. गेटवरच्या टेबलावर जुना, वायरवाला फोन होता. त्यांनी नंबर फिरवला. पाठ पुन्हा ताठ झाली.

“अध्यक्ष बाईंना द्या. हो, आत्ताच.” थांबले. “बाई, तुम्ही उद्या येऊ नका. आज या. प्लेट सापडलीय. कुणी लपवली होती? मी. हो, मीच. मला कुणी सांगितलं, तेही सांगतो. आल्यावर सांगतो. मी इथेच बसतोय, प्लेटपाशी.”

आणि खरंच बसून राहिले. बाई येईपर्यंत काकूंनी सगळ्यांना चहा दिला. हमालांनाही दिला. मला आधी.

७

ताई घरी आली त्या दिवशी मावशीने दारातच तिला मिठी मारली आणि मला म्हणाली, “तूही मार की, पुतळ्याला मारतोस तेवढ्या जोरात.” मी मारली. ताई किती वाळलीय ते तेव्हा कळलं. मग तिने माझी मूठ बघितली आणि कोणाला मारलंस म्हणून पहिला तास भांडली.

मंत्री अजून खुर्चीत आहेत. पण टीव्हीवर छाती बडवत नाहीत. निघालेले ट्रक अर्ध्या रस्त्यातून परत फिरले. आणि कर्नल दोन हिवाळ्यांचं म्हणत होते, ते काही खरं नाही निघालं. अध्यक्ष बाईंनी शोधायला लावलं, तर आधीची, पास झालेली जॅकेटं एका गोदामात तशीच पडून होती, नव्यांना जागा करायला बाजूला सारलेली. ती गेली सीमेवर. काल गेटवाल्याचा फोन आला होता, सीमेवरच्या त्याच्या पुतण्याला त्यातलंच एक मिळालंय. आता गेटवाला कर्नलांपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांकडे सही मागतो म्हणे. ‘आवाज तेवढाच मऊ, पण पेन आधी पुढे करतो,’ ताई सांगत होती.

ताई परत कामावर जाते. मास्तर तिला काका म्हणू देतात, पण भांडतात अजून.

आज समितीपुढे कर्नलांची साक्ष आहे. त्यानंतर माझी. मावशी म्हणाली, तिथे भडकायचं नसेल तर जे झालं ते आधी कागदावर काढ, राग कागदावर सांडला की तोंडात कमी येतो. म्हणून बसलो लिहायला. एवढा वेळ एका जागी मी शाळेतसुद्धा बसलो नव्हतो.

एकच कळत नाहीये. कर्नल समोर आले की काय करायचं? राग येतोय का, तेही कळत नाही. परवा ते ताईला कोर्टाच्या पायऱ्यांवर भेटले. माफी मागितली नाही. नुसतं म्हणाले, पुढची प्लेट तपासशील तेव्हा मला बोलाव, प्लेटमागे उभं राहायला नाही, बघायला. ताई म्हणाली, बघते. मी तिच्या जागी असतो तर—

खालून हॉर्न. मावशीचाच, तिसऱ्यांदा. ताई जिन्यातून ओरडतेय, “भडक्या, देश तुझ्यासाठी थांबलाय, चप्पल घाल!”

निघायला हवं आता.